विसार कोणी द्यावा?

रावेर-यावलकडे केळीची बाग पसंत पडली म्हणजे व्यापारी बागाईतदाराच्या हातावर विसार ठेवतो. बैलबाजारात जोडी ठरली म्हणजे घेणारा विसार देतो. लग्नाची तिथी निघाली म्हणजे यजमान बँडवाल्याच्या घरी जाऊन, ऐन हंगामात ती तारीख दुसऱ्याने नेऊ नये म्हणून, आगाऊ रक्कम देऊन येतो. आणि ज्या गावची यात्रा चैत्र-वैशाखात भरावयाची, बारागाड्या ओढावयाच्या, त्या गावचे पंच तमाशाच्या फडमालकाला सुपारी देऊन येतात, तेव्हा काही रक्कम पदरात पडल्यावाचून तो आपल्या वहीत त्या गावाचे नाव घालीत नाही. धंदे निराळे, माणसे निराळी, परंतु रीत एकच. ज्याला माल हवा, ज्याला श्रम हवेत, ज्याला कला हवी, त्याने आधी पैसा काढावयाचा. ही रीत कोणत्याही कायद्याने घालून दिलेली नाही. ज्याला गरज आहे त्याचा शब्द खरा की पोकळ हे पारखण्याची एक जुनी आणि शहाणपणाची कसोटी म्हणून ती आपल्याकडे रुजली आणि टिकली.

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत या रीतीच्या नेमका उलट एक व्यवहार उभा राहिला आहे, आणि तो केळीच्या किंवा कापसाच्या बाजारात नव्हे, तर कलेच्या बाजारात उभा राहिला आहे. मालिकेत, चित्रपटात, जाहिरातीत किंवा गाण्याच्या व्हिडिओत काम मिळवून देतो असे सांगणारा मनुष्य येतो, आणि जो काम मागतो त्याच्याकडूनच आधी पैसे घेतो. म्हणजे बागेचा विसार बागाईतदारानेच व्यापाऱ्याला द्यावा, असा हा प्रकार आहे. माझे सारे आयुष्य अमळनेरला शिक्षकी करण्यात गेले, त्यामुळे या व्यवहाराची झळ लागलेली मुले मला दुरून नव्हे, माझ्या घराच्या ओट्यावर बसलेली पाहावयास मिळाली.

त्यांतील एका मुलीची हकिकत सांगतो. पारोळा तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याची ही मुलगी. गळा असा की अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर ती गाऊ लागली म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या बायका हातातले काम टाकून येत. जळगावच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ‘निवड चाचणी’ असल्याचा निरोप तिला मोबाइलवर आला. फॉर्मचे ५०० रुपये भरून ती बापाबरोबर गेली. दारात बॅनर, आत कॅमेरा, खुर्च्यांच्या रांगा, आणि आपापल्या पाळीची वाट पाहणारी, चोपडा, पाचोरा, शिरपूर, साक्री अशा चहूकडून आलेली शेकडो मुले-मुली. आठ दिवसांनी ‘तुमची निवड झाली’ असा फोन आला. निवड झाली म्हणून फोटोंचा पोर्टफोलिओ हवा, त्याचे ११,००० रुपये. पोर्टफोलिओ झाल्यावर मुंबईत शूटिंगला प्रवेश मिळावा म्हणून कार्ड हवे, त्याचे १५,००० रुपये. एकूण २६,५०० रुपये झाले. त्या हंगामाच्या भावाने जवळजवळ चार क्विंटल कापसाचे मोल. पुढे फोन लागेनासा झाला. तो बाप माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात एक गुलाबी पावती होती. तिच्यावर संस्थेचे नाव ठळक, पत्ता अर्धवट, आणि तळाशी बारीक टाइपात ‘नोंदणी शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असा मजकूर. तो म्हणाला, “गुरुजी, पैसा ग्यात त्यानं काही नही, पन पोर आते गातच नही.”

हे त्याचे वाक्य मला त्या २६,५०० रुपयांहून जड वाटले, आणि तेव्हापासून या व्यवहाराची घडण मुळापासून समजून घ्यावी असे मी मनावर घेतले.

प्रथम हिशेब पाहू. समजा, एका दिवसाच्या चाचणीला तीनशे उमेदवार आले आणि प्रत्येकाने ५०० रुपये भरले, तर संध्याकाळपर्यंत १,५०,००० रुपये गोळा होतात. हॉलचे भाडे, बॅनर आणि दोन माणसांचा चहापाणी-खर्च वजा जाता उरलेली सारी रक्कम नफ्याची, आणि ती मिळविण्यासाठी एकही मालिका, एकही चित्रपट, एवढेच काय पण दीड मिनिटाची जाहिरातसुद्धा काढावी लागत नाही. तीनशेंपैकी तीस जणांना ‘निवड झाली’ असे कळविले आणि प्रत्येकाने पोर्टफोलिओचे ११,००० भरले, तर आणखी ३,३०,००० रुपये. ज्या धंद्याची कमाई काम देणाऱ्याकडून येत नाही, काम मागणाऱ्याकडूनच येते, त्या धंद्याला काम मिळवून देण्याचे प्रयोजनच उरत नाही. तेथील मनुष्य व्यक्तिशः प्रामाणिक असला तरी त्याचे हित उमेदवारांची संख्या वाढण्यात गुंतलेले असते, कोणा एकाला भूमिका मिळण्यात नसते. दोष केवळ लबाडीचा नाही, रचनेचाच आहे, आणि म्हणून ‘आमची संस्था खरी आहे’ या आश्वासनाने तो दूर होत नाही.

येथे दोन गोष्टींचा घोटाळा होऊ देता कामा नये. काम मिळाल्यावर, मोबदला हाती आल्यावर, त्यातून मध्यस्थाने ठरलेला हिस्सा घेणे ही दलाली आहे. तिच्यात मध्यस्थाचे आणि कलावंताचे हित एकाच दिशेला असते, कारण कलावंताला काही मिळाल्यावाचून मध्यस्थालाही काही मिळत नाही. काम मिळण्यापूर्वी घेतलेले शुल्क ही अगदी वेगळी वस्तू. तसेच शिक्षणाचे शुल्कही निराळे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली निघाली, दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली; अशा संस्था शिक्षण देतात, काय शिकविणार ते आधी छापून सांगतात, आणि भूमिकेची हमी देत नाहीत. परंतु चार दिवसांच्या ‘अभिनय कार्यशाळे’चे पैसे घेताना जेव्हा मालिकेतील कामाचे आमिष दाखविले जाते, तेव्हा ते शिक्षणाचे शुल्क राहत नाही, शिक्षणाच्या नावाखाली घेतलेला नोकरीचा विसारच तो.

मध्यस्थाचा खर्च कोणाच्या माथी असावा, हा प्रश्न खानदेशच्या शेतकऱ्याला नवा नाही. बाजार समितीत फळे-भाजीपाला आणणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापली जात असे. २०१६ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय केला. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, वाद झाले, परंतु तत्त्व साधे होते: ज्याची सौदा करण्याची ताकद कमी आणि ज्याचा माल दुसऱ्या दिवशी नासणारा, त्याच्याकडून मध्यस्थीचे पैसे काढू नयेत. तरुण कलावंताचे वयही असेच नासणारे आहे. विशीतल्या भूमिका तिशीत मिळत नाहीत. हे त्याला माहीत असते, आणि पैसे घेणाऱ्याला त्याहून चांगले माहीत असते.

आपल्याकडील कलेचा इतिहास तरी काय सांगतो? जुन्या नाटक मंडळ्यांत मुले भरती होत, त्यांचे जेवण-कपडे, त्यांची तालीम, त्यांचे गाण्याचे शिक्षण हे सारे कंपनीच्या खर्चाने होई. ज्यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला ते बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, तेव्हा मंडळीने त्यांना घेतले आणि वाढविले ते पुढे त्यांच्या गळ्यावर प्रेक्षक येतील या भरवशाने. जोखीम मंडळीची होती. त्या मंडळ्यांत कष्ट फार होते, मुलांचे हालही होत, आणि त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण प्रवेशद्वारावर पैसे मागण्याची पद्धत तेथे नव्हती.

तमाशाच्या फडात तर पैशाचा प्रवाह या नोंदणी शुल्काच्या नेमका उलट दिशेने वाहतो, आणि त्याचे नाव ‘उचल’. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास हंगाम संपतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला राहुट्या लागतात, गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच तेथे येऊन यात्रेच्या तारखा ठरवितात, आणि ही सारी धांदल सुरू होण्यापूर्वी फडमालक नाचणारीला, सोंगाड्याला, ढोलकीवाल्याला रोख उचल देऊन हंगामासाठी बांधून घेतो. पावसाळ्यात कलावंताची चूल त्या उचलीवर पेटते. ती पुढे पगारातून फिटत जाते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते.

ही उचल मी आदर्श म्हणून मांडीत नाही. चाळीसगावकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाची उचल घेतात आणि तिच्या फेडीत त्यांची वर्षे कशी जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला उचलीची दुसरी बाजू सांगावी लागत नाही. कर्जापायी मनुष्य बांधला जाऊ नये म्हणून १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा करावा लागला. तथापि उचलीत एक गोष्ट कबूल केलेली असते, ती अशी की कलावंताच्या कलेला आज किंमत आहे आणि ती किंमत मालकाने आधी मोजावयाची आहे. नोंदणी शुल्कात ही कबुलीच नाही. उचलीने कलावंत अडकतो, हे खरे. परंतु नोंदणी शुल्काने तो नागविला जातो आणि वर काम मात्र काहीच मिळत नाही. ढोलकीवाल्याला मालक रक्कम देतो आणि शिकलेल्या, मोबाइल बाळगणाऱ्या पोराकडून एक अनोळखी मनुष्य रक्कम घेतो, हा फरक शिकलेल्यांनी मनाशी ताडून पाहण्यासारखा आहे.

जगात इतरत्रही हा रोग जुनाच आहे. हॉलिवूडमध्ये गर्दीच्या दृश्यांत उभे राहण्यासाठी येणाऱ्या हजारो माणसांकडून खाजगी एजंट शुल्क उकळीत. त्याचा बोभाटा इतका झाला की १९२५ साली निर्मात्यांनाच एकत्र येऊन ‘सेंट्रल कास्टिंग’ नावाची मध्यवर्ती कचेरी काढावी लागली. तिचे वैशिष्ट्य हे की तिचा खर्च स्टुडिओंनी सोसला आणि गर्दीतल्या माणसाकडून एक सेंटही घ्यावयाचा नाही असे ठरले. पुढे १९३३ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने नफ्यासाठी शुल्क घेणाऱ्या नोकरी-मध्यस्थ संस्था तीन वर्षांत बंद कराव्यात असा करार मांडला. १९४९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. आणि १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात, अशा खाजगी संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पूर्ण किंवा अंशतः, कोणतेही शुल्क घेऊ नये असे सातव्या कलमात स्पष्ट लिहिले गेले. मात्र त्याच कलमात, कामगारांच्या हितासाठी काही वर्गांपुरता अपवाद करण्याची मुभा राष्ट्रांना ठेविली आहे.

अपवादाचे हे दार कलाक्षेत्रात फार वापरले गेले. ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्याने कामगाराकडून नोकरीचे पैसे घेण्यास सामान्यतः बंदी आहे, तरी मनोरंजन आणि मॉडेलिंग यांना सूट दिली होती. कारण नटाचा एजंट नटाच्या वतीने बोलतो, मालकाच्या वतीने नव्हे, असा युक्तिवाद होता. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, परंतु त्याच्या आडोशाने आगाऊ शुल्काचा सुळसुळाट झाला, आणि अखेर ऑक्टोबर २०१० पासून मॉडेलकडून आगाऊ पैसे घेण्यास तेथे मनाई करावी लागली. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून कॅलिफोर्नियात क्रेकोरियन कायदा अमलात आला. काम मिळवून देण्याच्या नावाखाली आगाऊ रक्कम घेणे हाच त्याने गुन्हा ठरविला, आणि प्रशिक्षण किंवा यादीत नाव घालण्याची सेवा विकणाऱ्यांना ५०,००० डॉलरचा जामीनरोखा सरकारात ठेवण्याची सक्ती केली. येथे कायद्याचे बारकावे मला मोठे शहाणपणाचे वाटतात: फसवणूक झाली का, हेतू काय होता, हे सिद्ध करण्याचा भार फसलेल्याच्या डोक्यावर न टाकता, आगाऊ पैसा घेणे हे कृत्यच त्याने निषिद्ध केले.

आपल्या देशात तसा सरळ निर्बंध नाही. परदेशी नोकरी मिळवून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सेवाशुल्काची ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. देशांतर्गत, विशेषतः कलाक्षेत्रात, काम मागणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत असे सांगणारा सर्वंकष कायदा नाही. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली झालेल्या कायद्याने निर्मात्याने कामगाराशी लेखी करार केला पाहिजे आणि तो सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदविला पाहिजे असे बंधन घातले; आता त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने घेतली असून, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे आणि तिच्यात दृक्‌श्राव्य कामगार अशी व्यापक व्याख्या आहे. परंतु हे सारे संरक्षण काम मिळाल्यानंतर सुरू होते. जळगावच्या हॉटेलातील त्या हॉलमध्ये अजून कोणी कामगारही नसतो आणि निर्माताही नसतो; तेथे केवळ आशा असते, आणि आशेचा करारनामा कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही.

कार्डाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण फसविणारा त्याचाच आधार घेतो. मुंबईत चित्रपट-कामगारांच्या संघटना आहेत, त्यांचे सभासदत्व आहे, त्याचे शुल्कही आहे. कामगाराने स्वतःच्या संघटनेला वर्गणी देणे यात वावगे काही नाही. मात्र सभासद नसलेल्याला काम मिळूच नये असा आग्रह धरला जाई, आणि या आग्रहाविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ च्या ऑक्टोबरात निर्णय देऊन संघटनांच्या अशा अटी स्पर्धाविरोधी ठरविल्या. ‘कार्डाशिवाय मुंबईत कोणी उभे करीत नाही’ या समजाला असा थोडा खरा पाया आहे. त्या पायावर भामटा आपली खोटी इमारत उभी करतो आणि संघटनेशी काडीचाही संबंध नसलेले रंगीत छापील कार्ड १५,००० रुपयांना विकतो. संघटनेचे सभासदत्व घ्यावयाचेच असेल तर ते त्या संघटनेच्या कचेरीतच घ्यावे.

महाराष्ट्राला याहून चांगली व्यवस्था कशी करावी हे ठाऊक नाही असेही नाही. १९६९ सालच्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे स्थापन झाली. कामगाराची नोंद मंडळाकडे, कामाचे वाटप मंडळामार्फत, मजुरी मंडळाकडे जमा, आणि मंडळाचा खर्च चालविणारी लेव्ही मजुरीच्या वर मालकाने भरावयाची, हमालाच्या पाठीवरून ती कापावयाची नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्यासाठी जे तत्त्व पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी या राज्याला सुचले, ते कॅमेऱ्यापुढे उभे राहणाऱ्यासाठी सुचू नये, याचे मला वाईट वाटते. प्रत्येक जिल्ह्यात कलावंतांची मोफत नोंद, निर्मात्याने ठेवावयाची अनामत, आणि चाचणीच्या जागी ‘येथे शुल्क घेतले जात नाही’ असा फलक सक्तीचा. एवढे केले तरी पुष्कळ होईल. जळगाव हे राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र आहे, दोन्ही जिल्ह्यांत अहिराणी गाण्यांचे चित्रीकरण होते, गायक आहेत, वादक आहेत, वहीगायन करणारे आहेत. येथे नोंद करण्याजोगी माणसे नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही.

तक्रारी का होत नाहीत, याचे उत्तर मला त्या मुलीच्या मौनात सापडले. फसवणुकीची रक्कम एकेकट्या घराच्या दृष्टीने मोठी, पण खटला चालविण्याच्या दृष्टीने लहान. आरोपी मुंबईचा पत्ता सांगणारा. आणि घरी मुलगी असली तर ‘कशाला गेली होतीस?’ हा प्रश्न पोलिसापेक्षा आधी भाऊबंद विचारतात. सर्वांत वाईट म्हणजे फसलेला उमेदवार दोष स्वतःच्या गुणांना लावून घेतो: काम मिळाले नाही, म्हणजे आपल्यातच काही उणे असेल. सुताराला मजुरी मिळाली नाही तर तो आपल्या रंध्याला दोष देत नाही. कलावंत मात्र आपल्या गळ्याला देतो. आणि हीच लाज त्या धंद्याचे खरे भांडवल आहे.

म्हणून खानदेशातील आईबापांना, शिक्षकांना आणि या मुलांना माझी विनंती आहे. काम देणारा काम देण्यापूर्वी पैसे मागत असेल तर तेथून उठून यावे. मोठ्या निर्मितिसंस्थांनी आपण चाचणीसाठी पैसे घेत नाही असे वेळोवेळी जाहीर केले आहे. पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण मोबाइलवरून गेलेली रक्कम पहिल्या काही तासांत अडविता येण्याचा संभव अधिक असतो. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखालील गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि आरोपी मुंबईचा असला तरी तक्रार जळगावच्या, धुळ्याच्या किंवा पारोळ्याच्या ठाण्यातही नोंदविता येते, हद्दीचे कारण सांगून ती परत पाठविता येत नाही. पावती असेल तर ती फाडू नका, मोबाइलमधील नोंद पुसू नका. त्या बापाने ती गुलाबी पावती सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेविली होती. तिच्याच आधारावर आम्ही दोघांनी ठाण्यात बसून तक्रार लिहिली, आणि ती लिहिताना ती मुलगी बापाशेजारी बसून प्रत्येक तारीख स्वतः सांगत होती.